‘हट्टी’ हे वर्तन नव्हे : आरबीटी होतानाचे सात महिने

११ ऑक्टोबर २०२३ ला दुपारी टपालपेटीत माझं वर्क परमिटचं कार्ड आलं. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळतो त्यावर, न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन तेव्हा साडेसात वर्षं झाली होती. कार्ड हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले आणि पहिला विचार आला तो आनंदाचा नव्हता. आता ‘परमिट नाही ना’ हे कारण संपलं, हा होता.

माझ्याकडे काय होतं? मानसशास्त्रातली बी.ए., लग्नाआधी मिरजेत बालवाडीत काढलेली चार वर्षं, आणि नंतर नुसती दोन मुलं वाढवणं. नोकरीच्या साइटवर आमच्या भागाचा पिनकोड टाकला की दर दुसरी जाहिरात एकच दिसायची : आरबीटी, म्हणजे रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसोबत त्यांच्या घरी किंवा सेंटरवर एकास एक काम. एवढ्या जाहिराती का, ते नंतर कळलं. न्यू जर्सीत २००९ मध्ये कायदा झाला आणि स्वमग्नतेसाठीच्या या थेरपीचा खर्च विमा कंपन्यांना द्यावा लागू लागला. मागणी वाढली, माणसं कमी.

थेरपीचं नाव एबीए, मराठीत उपयोजित वर्तन विश्लेषण. रचना साधारण अशी : मास्टर्स करून परीक्षा दिलेले बीसीबीए मुलाचं मूल्यमापन करतात, योजना लिहितात. ती योजना रोज मुलासमोर बसून राबवतो तो आरबीटी. त्याला वय १८, बारावी पास, ४० तासांचं प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी, प्रात्यक्षिक परीक्षा आणि मग संगणकावरची परीक्षा एवढं लागतं. वाचायला सोपं वाटलं म्हणूनच मी त्यात पडले.

हे लिहितेय ते त्या वेळच्या माझ्यासारख्यांसाठी. एक आधीच सांगते : मुलांबद्दल जे लिहिलंय त्यातलं वय, घर, प्रसंगांचा क्रम बदललाय, आणि खाली जी आजी येईल ती एका घरातली नाही, दोघीतिघींची मिळून एक आहे.

डिसेंबरात पाच ठिकाणी अर्ज केले. दोघांनी उत्तर दिलं, एकाने ९ जानेवारीला झूमवर मुलाखत घेतली. “मूल तुम्हाला चावलं तर काय कराल?” हा तिसरा प्रश्न. मी म्हटलं, “आधी हात सोडवीन, मग विचार करीन.” बाई हसल्या. आठवड्याने ऑफर आली : प्रशिक्षणाच्या तासांना राज्याचं किमान वेतन, तेव्हा १५.१३ डॉलर, आणि आरबीटी झाल्यावर तासाला २१. मुलाखतीत एक प्रश्न मी विचारायला विसरले, तो तुम्ही विसरू नका : सेशन ऐनवेळी रद्द झालं तर पैसे मिळतात का? माझ्या एजन्सीत मिळत नव्हते. पहिल्या महिन्यात बावीस सेशन ठरली होती, त्यातली सहा रद्द झाली. एकदा तर मी त्यांच्या दारात गाडी लावत होते तेव्हा मेसेज आला.

४० तासांचं प्रशिक्षण ऑनलाइन होतं. ते पाच दिवसांच्या आत संपवता येत नाही आणि १८० दिवसांच्या पुढे लांबवता येत नाही, त्यात किमान तीन तास नीतिनियमांचे हवेत. मी ५ फेब्रुवारीला सुरू केलं. सकाळी मुलं बसमध्ये चढली की साडेआठ ते अडीच, मधे डाळ-भात. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही आणि मधूनमधून स्क्रीनवर ‘तुम्ही आहात का?’ असं बटण येतं. कुकरची शिट्टी मोजायला गेले तर मागचं प्रकरण पुन्हा बघावं लागलं.

बी.ए.ला प्रबलन, विलोपन, साधक अभिसंधान हे सगळं पाठ केलं होतं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचा उंदीर, पेटी, तरफ. परीक्षेपुरतं. इथे तेच शब्द इंग्रजीतून परत आले आणि लक्षात आलं की आपण ‘प्रबलन’ म्हणजे ‘बक्षीस’ असं धरून पास झालो होतो. बक्षीस देणाऱ्याच्या मनात असतं. प्रबलन झालं की नाही हे फक्त पुढे काय घडलं त्यावरून ठरतं. एखादी गोष्ट दिल्यावर ते वर्तन वाढलं, तर ती गोष्ट त्या मुलासाठी प्रबलक. नाही वाढलं तर तुम्ही चॉकलेट दिलं, बस्स.

धन-ऋण यातही मी तशीच अडकले होते. धन म्हणजे चांगलं, ऋण म्हणजे वाईट, असं डोक्यात बसलेलं. खरं तर धन म्हणजे काहीतरी समोर आलं, ऋण म्हणजे काहीतरी गेलं, हटलं. प्रबलन म्हटलं की वर्तन वाढणार, शिक्षा म्हटलं की कमी होणार. उन्हात बाहेर पडताना डोक्यावर पदर घेतला, चटका लागायचा थांबला, पुढच्या वेळी न सांगता पदर घेतला : हे ऋण प्रबलन. यात कुणी कुणाला शिक्षा केलेली नाही. हे वहीत लिहिलं, पाठही केलं. आणि तरी पुढे याच जागी आपटले, ते येईलच.

तिसऱ्या दिवशी एक गृहपाठ होता. दोन मिनिटांची चित्रफीत बघायची आणि ए-बी-सी लिहायचं : आधी काय घडलं, वर्तन काय, त्यानंतर काय घडलं. दुकानात एक मुलगा, आई, बिस्किटांचं कपाट. मी लिहिलं : ‘आईने नाही म्हटल्यावर मुलगा चिडला आणि हट्टाने रडू लागला. आई वैतागली. शेवटी तिने लाड केला.’

माझी सुपरव्हायजर बीसीबीए, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिने पान परत पाठवलं तर पाच शब्दांभोवती लाल गोल. चिडला. हट्टाने. वैतागली. शेवटी. लाड. खाली एकच ओळ : “हे तुला दिसलं की वाटलं?”

मी पुन्हा चित्रफीत बघितली. दिसलं ते असं होतं : आईने मान हलवली. चार सेकंदांनी मुलगा जमिनीवर पालथा पडला, दोन्ही टाचा फरशीवर आपटल्या, आवाज दोन गल्ल्या पलीकडे जाईल एवढा. हे ५० सेकंद चाललं. आईने कपाटातून पुडा काढून ट्रॉलीत टाकला. तीन सेकंदांत मुलगा उठला.

हे लिहायला मला पहिल्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. त्याच दिवशी कळलं की या कामातला सगळ्यात अवघड भाग माझ्यासाठी इंग्रजी नव्हता, विशेषणं होती. आपल्या घरांत मुलांबद्दल बोलायची भाषाच विशेषणांची आहे. द्वाड, लाडोबा, घुमा, तापट, गुणी, आगाऊ. बालवाडीत मी स्वतः प्रगतिपुस्तकात ‘थोडा हट्टी आहे’ असं किती मुलांच्या नावापुढे लिहिलं असेल! ‘हट्टी’ मोजता येत नाही, आणि दोन माणसं त्यावर एकमत होत नाहीत. ‘५० सेकंद टाचा आपटल्या’ यावर होतात. उद्या ते ३५ सेकंदांवर आलं तर काहीतरी लागू पडतंय, हेही कळतं.

याच्याच जोडीला एक मजेशीर कसोटी शिकवतात. ऑग्डन लिंडस्ली या संशोधकाने १९६५ मध्ये मांडलेली, मेलेल्या माणसाची कसोटी. जे मेलेला माणूसही करू शकतो ते वर्तन नव्हे. ‘शांत बसणे’, ‘न ओरडणे’, ‘त्रास न देणे’ : मेलेला माणूस हे तिन्ही उत्तम करतो. मग मुलाला शिकवायचं काय, ते लिहा. ‘ब्रेक हवा’ असं कार्ड दाखवणे, हे मेलेल्याला जमत नाही. बालवाडीतले माझे सगळे नियम या कसोटीत नापास झाले असते. हाताची घडी, तोंडावर बोट.

कृतीचे टप्पे पाडण्याचा गृहपाठ तर घरभर गाजला. कुठलंही रोजचं काम घ्या, टप्पे लिहा, दुसऱ्याकडून फक्त तेवढंच करून घ्या. मी कुकर लावणं निवडलं. अठरा टप्पे. नवऱ्याला सांगितलं, लिहिलंय तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही. (तो म्हणाला, हे मला जमतं.) तांदूळ धुतले, डाळ धुतली, हळद-हिंग, भांडी आत ठेवली, झाकण लावलं, गॅस मोठा केला. टप्पा सोळा : तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. तो ओट्याशी उभा. वीस मिनिटं झाली तरी शिट्टी होईना, नुसती वाफ. मी ‘झाकण लावा’ लिहिलं होतं, झाकणावर शिट्टी बसवा असं लिहिलंच नव्हतं. आणि कुकरच्या तळाला पाणी घाला हेही नाही. जाळी करपली. वीस वर्षं कुकर लावणाऱ्या बाईला हे दोन टप्पे दिसलेच नाहीत, कारण ते हातात मुरलेत. हात धुणं, बूट घालणं, दात घासणं हे ज्याच्या हातात मुरलेलं नाही त्याला आपण ‘हात धू’ एवढ्या एका सूचनेत किती टप्पे गिळायला सांगतो, हे त्या करपलेल्या जाळीने शिकवलं.

२७ फेब्रुवारीला प्रमाणपत्र मिळालं. मार्च कागदपत्रांत गेला. बोटांचे ठसे, टीबीची चाचणी, सीपीआरचा एक शनिवार. सीपीआरचे ६५ डॉलर मी भरले, बाकी एजन्सीने. टीबीच्या चाचणीची एक सूचना : लहानपणी आपल्याला बीसीजीची लस दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून बघायची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी आली. मग रक्ताची चाचणी, आणखी आठवडा. आधीच रक्ताची चाचणी मागा.

त्याच महिन्यात एका अनुभवी आरबीटीसोबत नुसतं बघायला जायला लागले. साडेतीन ते साडेसहा. मला वाटलं होतं टेबल, खुर्ची, चित्रांची कार्डं. पहिले तीन दिवस ती बाई त्या मुलासोबत साबणाचे फुगे सोडत होती. काही मागणं नाही, प्रश्न नाही. याला पेअरिंग म्हणतात : तुम्ही आलात की चांगलं काहीतरी घडतं, हे आधी मुलाला कळू दे. “तो माझ्याकडे स्वतः येईपर्यंत मी त्याला काही करायला सांगत नाही,” ती म्हणाली. चौथ्या दिवशी दार वाजलं आणि तो धावत आला.

मग आवडीची चाचणी. पाच वस्तू ओळीने मांडायच्या, मूल एक उचलतं, ती बाजूला काढून उरलेल्यांची जागा बदलून पुन्हा मांडायच्या. म्हणजे आवडीचा क्रम कळतो. आमच्याकडे एजन्सीचं पेटीभर सामान : दिवे लागणारी गाडी, पिळायचा चेंडू, पॉप-इट, ट्रेन. पाचवी वस्तू कमी पडली म्हणून आजीने स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणून दिली. मुलाने पहिल्या झटक्यात वाटी उचलली, फरशीवर कडेवर उभी केली आणि फिरवली. ती थरथरत, घूंऽऽऽ करत फिरत राहिली, आवाज बारीक होत होत एकदम चपटी पडली. तो पोटावर झोपून, गाल फरशीला टेकवून बघत होता. तीनदा चाचणी केली, तिन्ही वेळा वाटी पहिली. पुढचे दोन महिने ती वाटीच आमचं मुख्य प्रबलक होती.

आजी सगळं दारातून बघायच्या. कोल्हापूरकडच्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. नातू रडला की कमरेच्या पिशवीतून पार्ले-जी काढायच्या. बिस्किट मिळालं की तो गप्प. याचं विश्लेषण माझ्या सुपरव्हायजरने गाडीपाशी उभं राहून केलं ते मी विसरणार नाही. मुलाच्या बाजूने बघ : रडलो, बिस्किट आलं. धन प्रबलन. आता आजीच्या बाजूने बघ : बिस्किट दिलं, रडणं थांबलं. ऋण प्रबलन. दोघं एकमेकांना शिकवतायत आणि दोघांनाही ते माहीत नाही. “यात आजी चुकली असं नाही,” ती म्हणाली, “तिच्या जागी तू असतीस तर तूही बिस्किट दिलं असतंस.” मला घरी संध्याकाळी सहाला मुलांच्या हातात दिलेला फोन आठवला.

आजींना हे मी सांगू का? नाही. पालकांना मार्गदर्शन करणं हे बीसीबीएचं काम, आरबीटीचं नाही. मला मराठी येतं म्हणून मोह फार व्हायचा. मी फक्त दुभाषी झाले, सुपरव्हायजर बोलली.

वर्तनाची कारणं साधारण चार सांगतात : काहीतरी टाळायचंय, कुणाचं लक्ष हवंय, एखादी वस्तू किंवा गोष्ट हवीय, किंवा त्या कृतीतूनच शरीराला काही मिळतंय. तेच ओरडणं चार मुलांत चार कारणांनी असू शकतं. नवशिक्यांची इथे हमखास चूक होते, माझीही झाली. ‘दुर्लक्ष करा’ हा सगळ्यांवरचा उपाय वाटतो. विलोपन म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ज्या गोष्टीमुळे वर्तन टिकून होतं ती मिळणं बंद होणं, म्हणजे विलोपन. लक्ष हवं असेल तर लक्ष न देणं विलोपन ठरेल. पण मूल काम टाळायला ओरडत असेल आणि तुम्ही दुर्लक्ष करून बाजूला झालात, तर तुम्ही त्याला हवं तेच दिलंत! शिवाय विलोपन सुरू झालं की वर्तन आधी उसळतं. टीव्हीचा रिमोट चालेना की आपण काय करतो? आणखी जोराने दाबतो, मग आपटतो. त्या उसळीच्या क्षणी हार मानली तर मूल शिकतं की ओरडण्यापेक्षा आपटणं बरं. म्हणून हे लेखी योजनेशिवाय, आणि त्याऐवजी काय करायचं ते शिकवल्याशिवाय, करायचं नसतं.

मार्चच्या शेवटी मी सोडून द्यायच्या बेतात होते, तेही सांगायला हवं. रात्री वाचत बसले आणि स्वमग्न प्रौढांनी लिहिलेलं समोर आलं. लहानपणी हीच थेरपी घेतलेले, आता तीस-चाळिशीत असलेले लोक. हात फडफडवले की हात धरून ठेवले, डोळ्यांत बघ म्हणून हनुवटी वर केली. मागे गेले तर आणखी वाईट. इवार लोव्हास या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा अभ्यास या क्षेत्रात सगळ्यात जास्त सांगितला जातो, आणि त्याच्याच प्रयोगांत मुलांना मारणं, विजेचे झटके देणं हेही होतं. प्रशिक्षणाच्या ४० तासांत हे जेमतेम येऊन गेलं होतं.

सुपरव्हायजरला विचारलं. तिने सारवासारव केली नाही. म्हणाली, “झालंय ते सगळं, आणि काही ठिकाणी अजूनही नको तसं चालतं. तुला एखादं उद्दिष्ट दिलं की मला विचार, हे कुणासाठी? मुलासाठी की आपल्याला बघायला बरं वाटावं म्हणून?” आम्ही काम करत होतो त्या मुलाच्या योजनेत हात फडफडवणं नव्हतं, डोळ्यांत बघणं नव्हतं. मागणं, नाही म्हणणं, शौचालय, रस्त्यावर हात धरणं, एवढंच होतं. मी राहिले. पण तो प्रश्न विचारायची एजन्सीत सोय नसेल तर तिथे राहू नका, असं मी आज नव्या मुलींना सांगते.

प्रात्यक्षिकाची परीक्षा दोन बैठकांत झाली, २२ मार्च आणि ३ एप्रिल. वीस मुद्दे, काही मुलासोबत करून दाखवायचे, काही भूमिका घेऊन, काही प्रश्नोत्तरांनी. मोजणीच्या वेळी मी गंमत केली. किती वेळा, किती वेळ, सूचनेनंतर किती सेकंदांनी, हे तीन वेगळे. घड्याळ चालू करायला विसरले आणि नंतर अंदाजाने ‘१२ सेकंद’ लिहायला गेले. सुपरव्हायजर म्हणाली, “अंदाज लिहिण्यापेक्षा ‘नोंद झाली नाही’ असं लिही.” दुसऱ्या बैठकीला पुन्हा केलं.

आणि तिथेच ‘पाणी’ झालं. मँड म्हणजे मुलाने स्वतः मागणं. स्किनरने १९५७ मध्ये वापरलेला शब्द, आजही तोच चालतो. उद्दिष्ट होतं ‘वॉटर’. बाटली दिसेल अशी पण हात पुरणार नाही अशी ठेवलेली. मुलगा बाटलीकडे बघून स्पष्ट म्हणाला, “पाई.” मी वजा खूण केली आणि उद्दिष्टात असलेला शब्द बोलून दाखवला. तो पुन्हा म्हणाला, “पाई.” पुन्हा वजा. तिसऱ्यांदा तो माझ्या मनगटाला धरून बाटलीकडे ओढायला लागला. मागून आजी म्हणाल्या, “अगं बाळ, पाणी मागतोय की तो!”

मला काय तो शब्द कळत नव्हता? उद्दिष्टात जे लिहिलं होतं त्याला चिकटून मी बसले होते, आणि चार वर्षांचं पोर माझ्या मातृभाषेत पाणी मागत असताना मी त्याला चूक ठरवत होते. मी बाटली दिली. सुपरव्हायजरला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली, मग टॅब्लेटवर व्याख्या बदलली : ‘वॉटर’, ‘पाणी’ किंवा त्याच्या जवळचा कुठलाही उच्चार. म्हणाली, “हे मला मूल्यमापनातच विचारायला हवं होतं. घरी तुम्ही काय बोलता?” पुढच्या आठवड्यात सगळ्या उद्दिष्टांचे मराठी शब्द घरच्यांना विचारून घेतले.

प्रात्यक्षिकानंतर ९० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, ५० डॉलर. बारावीचा पुरावा म्हणून आईला मिरजेहून माझं एचएससीचं प्रमाणपत्र पाठवायला सांगितलं. ते तिने प्रेमाने लॅमिनेट करून ठेवलेलं, फोटोत नुसता ट्यूबलाइटचा पट्टा. तिसऱ्या दिवशी गच्चीवर नेऊन काढलेला फोटो चालला. आता नावाची भानगड. बोर्डाच्या कागदावर माहेरचं आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं. पासपोर्टवर माझं, नवऱ्याचं, सासरचं. अर्जात मी झटपट नुसतं नाव-आडनाव टाकलं होतं. नशिबाने पाठवण्याआधी परीक्षा केंद्राचा नियम वाचला : खात्यातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. ड्रायव्हिंग लायसन्सवर होतं तसं अक्षर न् अक्षर टाकलं आणि व्हिसाच्या वेळची विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत जोडली. मराठी बायकांनो, हा अर्धा तास आधी काढा.

८ एप्रिलला अर्ज, १७ ला मंजुरीचा ईमेल. मग ४५ डॉलर परीक्षेचे, पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर. जवळची सगळी दुपारची वेळ भरलेली, मिळाली ती ३ मे, सकाळी आठ. ८५ प्रश्न, ९० मिनिटं. ७५ चे गुण धरतात, १० चाचणीचे असतात, कुठले ते कळत नाही. खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर, चष्मा तपासायला काढून द्यायचा. मंगळसूत्राचं काय करायचं, असं मी विचारल्यावर तिथल्या मुलाने लॉकर दाखवला. गळा मोकळा, थंडी वाजतेय, आणि शेजारी कुणीतरी कसलीशी परीक्षा देताना सारखा सुस्कारे टाकतोय.

मी नापास झाले.

कागद तिथेच देतात. गाडीत बसून वाचला, घरी फोन केला नाही, ओक ट्री रोडवर जाऊन एक वडापाव खाल्ला आणि मग घरी गेले. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, सही केलेली असते. पण माझी चूक कुठल्या जातीची होती ते सांगते, प्रश्न माझा. मूल वहीसमोर बसलं की ओरडतं, बाई वही उचलून घेतात, पुढे ओरडणं वाढतं. हे काय? वही काढून घेतली, म्हणजे शिक्षा, असं माझं मन म्हणायचं. अरे, पण ओरडणं वाढलं! वाढलं म्हणजे प्रबलन. काहीतरी गेलं म्हणून ऋण. मी अजून बाईचा हेतू वाचत होते, घडलं ते नाही. तोच लाल गोल.

सात दिवस थांबून पुन्हा देता येते, पुन्हा ४५ डॉलर. मी तेरा दिवस घेतले. सराव परीक्षा विकत घेतल्या नाहीत. रोज घरातले दहा प्रसंग लिहून काढले आणि प्रत्येकापुढे दोनच प्रश्न : वर्तन वाढलं की कमी झालं? काही आलं की गेलं? बाकी सगळं वाचायला बंदी. धाकटा म्हणाला, आई, तू माझ्याबद्दल लिहितेस का? त्याला वही दाखवली. निम्म्या नोंदी त्याच्या बाबाच्या होत्या.

१६ मेला पास झाले.

खर्चाची गोळाबेरीज : अर्ज ५०, परीक्षा दोनदा ९०, सीपीआर ६५. २०५ डॉलर आणि पेट्रोल. मी आरबीटी झाले तेव्हा दर वर्षी प्रात्यक्षिक पुन्हा देऊन ३५ डॉलर भरून नूतनीकरण व्हायचं, आणि महिन्याच्या कामाच्या तासांपैकी किमान ५ टक्के सुपरव्हिजनखाली. १ जानेवारी २०२६ पासून अभ्यासक्रमाचा आराखडा आणि नूतनीकरणाची पद्धत दोन्ही बदललंय, तेव्हा जुन्या नोट्स कुणाकडून घेऊ नका. पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात : २०२३ च्या सुरुवातीपासून बीएसीबी, म्हणजे आरबीटीचं प्रमाणपत्र देणारं अमेरिकेतलं मंडळ, भारतातून नवे अर्ज घेत नाही. तिकडच्यांना क्यूएबीए किंवा आयबीएओ या दुसऱ्या संस्थांची प्रमाणपत्रं बघावी लागतात, आणि भारतात विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम हवा.

नीतिनियमांची परीक्षा मात्र केंद्रावर होत नाही, ती घराघरांत होते. भेटवस्तूची मर्यादा दहा डॉलर आहे. माझ्या एजन्सीचा नियम त्याहून कडक, काहीच घ्यायचं नाही. कोल्हापूरच्या बाईला “चहा नको” म्हणून बघा. पहिल्यांदा त्यांना वाटलं लाजतेय, दुसऱ्यांदा वाटलं साखर चालत नाही, तिसऱ्यांदा त्या रुसल्या. शेवटी मुलाच्या आईने समजावलं. आता मी गेले की त्या पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, “हे तरी चालतं ना तुमच्या सरकारला?” गणपतीत महाराष्ट्र मंडळात ते कुटुंब समोर आलं तर मी आधी ओळख दाखवत नाही. त्यांनी हाक मारली तर हसते. शेजारची विचारते, तू ह्यांना कशी ओळखतेस? “इथेच कुठेतरी भेटलो असू.”

सेशन संपलं की आजी दारात विचारतात, “आज कसा वागला गं?” आणि माझ्या तोंडाशी ‘छान’ आलेलं असतं. परवाही विचारलं. मी टॅब्लेट बघितला.

“आज अकरा वेळा स्वतःहून मागितलं, आजी. त्यात सात वेळा पाणी. एकदा सहा मिनिटं रडला, मागच्या आठवड्यात चौदा होती.”

त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे छानच की.”

“हो आजी. छान.”